उलटा फिरणारा ड्रम

अरुणकुमार उमाठे पर्सोनेलमधून, म्हणजे कर्मचारी खात्यातून, रिटायर झाले होते, हे त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. 'प्लांटमध्ये चौतीस वर्षं काढली,' एवढंच ते सांगत, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपोआप ब्लास्ट फर्नेस उभी राही. कोहक्यातल्या त्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर त्यांच्या वहिनी, गीताबाई, राहत. हे वाक्य जिन्यात कानावर पडलं की त्या जागच्या जागी तोंड वाकडं करत. चौतीस वर्षं ह्या माणसानं रजेचे अर्ज, बदल्या आणि निरोपसमारंभ सांभाळले. मशीनशी संबंध आला तो सेफ्टी वीकमध्ये, तिच्याशेजारी हेल्मेट घालून फोटोला उभं राहण्यापुरता.

गीताबाईंना हा तुच्छभाव फुकट मिळाला नव्हता. नवरा, शामराव, काविळीनं गेला तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्याच्या जागी त्यांना मशीन शॉपमध्ये घेतलं. पहिली तीन वर्षं लोखंडाचा चुरा झाडला आणि पुढची एकोणतीस वर्षं सरफेस ग्राइंडर चालवला. लोखंडाच्या प्लेटवरून मिलिमीटरचा शंभरावा भाग काढायचा म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना कळत होतं. पण घरी पाहुणे आले की दीर सांगायचे, 'वैनीले टूल-रूममधी बसवलं आहे, हलकंच काम आहे.' गीताबाई चहा ठेवून निघून जात. ज्याला चाक कोणत्या बाजूला फिरतं हे सांगता यायचं नाही, त्याच्यासमोर आपलं काम मांडत बसायची त्यांना लाज वाटे. पुढे त्यांनी नियमच केला: विचारल्याशिवाय सांगायचं नाही. दिरांनी कधी विचारलं नाही.

ग्राइंडरचं प्रकरण सुरू झालं ते कीर्तीमुळे. कीर्ती ही अरुणकुमारांची एकुलती एक मुलगी. एके काळी राज्याकडून तिरंदाजी खेळलेली, आता एका शाळेत खेळाची शिक्षिका, आणि संध्याकाळी कुरुदच्या बाजूच्या मैदानावर पंधरा-वीस मुलींना धनुष्य धरायला शिकवायची. लहानपणी ती खाली जेवायची आणि वर झोपायची. गीताबाईंना मूल नव्हतं. कीर्ती त्यांना मोठ्याई म्हणे आणि अजूनही सासरहून आली की आधी जिना चढे.

मुलींची धनुष्यं बांबूची असत. धनुष्याच्या प्रत्येक पात्यात बांबूच्या तीन-चार पातळ पट्ट्या एकीवर एक चिकटवलेल्या असतात, आणि प्रत्येक पट्टी मुठीपाशी जाड आणि टोकाकडे बारीक होत जावी लागते. वरच्या आणि खालच्या पात्यातलं हे बारीक होणं जुळलं तर बाण सरळ जातो. बाहेरून मागवलेल्या धनुष्यांत ते जुळत नसे. दोन महिन्यांत पातं पिळवटे आणि मुली आपल्याच हाताला दोष देत बसत. अशा पट्ट्या एकसारख्या घासणारी मशीन, लॅमिनेशन ग्राइंडर, लोक घरीच बनवतात, असं कीर्तीनं मोबाइलवर पाहिलं. एका रविवारी जेवताना तिनं ते सांगितलं. सांगताना ती गीताबाईंकडे पाहत होती.

उत्तर मात्र अरुणकुमारांनी दिलं. "मी बनवतो ना. प्लांटचा माणूस घरात असून तू बाहेर कावून पाहून राहिली?"

गीताबाईंनी वरणात लिंबू पिळलं आणि मान वर केली नाही.

पुढचे दोन महिने त्यांना वरच्या गॅलरीतून करमणूक मिळाली. दिरांनी चार रंगांच्या पेनांनी ड्रॉइंग काढलं. त्यात मोटरवर सावलीसुद्धा दाखवली होती, फक्त मापं नव्हती. ते कागद खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी कॅम्प-१ च्या बाजारात जाऊन लॅमिनेट करून आणले. लॅमिनेशन ग्राइंडरमधलं लॅमिनेशन तेवढं जमलं, असं गीताबाई मनातल्या मनात म्हणाल्या आणि दिवसभर त्या वाक्यावर खूश राहिल्या. त्याच फेरीत दिरांनी पिठाच्या चक्कीची जुनी मोटर आणली. ती ह्या कामासाठी दुपटीनं वेगात फिरणारी होती. दुकानदारानं हीच घ्या म्हटलं म्हणून ती घेतली.

प्रत्यक्ष काम केलं राजकुमार साहूनं. कुरुदला त्याचं ग्रिल-गेटचं दुकान होतं. चाळिशीचा, कमी बोलणारा, हाताचा नीट माणूस. अंगणात खुर्ची टाकून अरुणकुमार त्याला सूचना देत आणि तो 'जी साहब' म्हणत आपल्याला बरं वाटेल तसं करी. लोखंडी फ्रेम, वर आडवा लाकडी ड्रम, ड्रमभोवती पॉलिश पेपर, खाली वरखाली होणारं टेबल. ड्रम आणि टेबलाच्या फटीतून पट्टी सरकवायची की ती वरून घासली जाणार. कल्पना साधी होती. साध्या गोष्टीत माणूस किती ठिकाणी चुकू शकतो हे पाहायचं असेल तर वरच्या गॅलरीसारखी जागा नव्हती.

एकदा राजकुमार हातात बेअरिंग घेऊन जिन्याच्या पायथ्याशी आला. गीताबाई मशीन शॉपमधल्या, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. "दीदी, ये बेयरिंग ह चल जाही का?" त्यानं विचारलं. बेअरिंग ढिलं होतं, त्यांनी लांबूनच ओळखलं. पण अंगणातून दीर पाहत होते.

"साहेबाले विचार," गीताबाई म्हणाल्या आणि वर गेल्या.

उद्घाटन रविवारी सकाळी ठरलं. उद्घाटनच म्हणायचं त्याला. अरुणकुमारांनी आपल्यासारखेच रिटायर झालेले सहा-सात लोक बोलावले होते (राजकुमार त्यांत नव्हता), लाल रिबीन आणली होती, ड्रमच्या फ्रेमला झेंडूचा हार घातला होता आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. धाकटी जाऊ सुशीला, कीर्तीची आई, पोहे करत होती आणि गीताबाईंच्या वाट्याला चहा आला होता.

आदल्या दिवशी दुपारी गीताबाईंनी गॅलरीतून एक गोष्ट पाहिली होती. राजकुमारनं मोटर फ्रेमच्या डाव्या बाजूला बसवली होती. अरुणकुमारांनी मोबाइलमधून मशीनचा फोटो घेऊन पाहिला. जुनी, तेलकट मोटर फोटोत सगळ्यात आधी दिसत होती. त्यांनी शेजारच्या ड्रायव्हरला हाक मारली, दोघांनी मोटर काढली आणि उजव्या बाजूला, फोटोत येणार नाही अशी, तोंड फिरवून बसवली. पट्टाही चढवला. फोटो पुन्हा घेतला आणि ह्या वेळी मान हलवली. गीताबाईंनी तेव्हा फक्त एवढाच विचार केला की ह्या माणसाला मशीनचीसुद्धा इभ्रत दिसण्यात वाटते. मग त्या कपडे वाळत घालायला वळल्या.

रविवारी अरुणकुमारांचं भाषण झालं. त्यात प्लांट होता, आत्मनिर्भरता होती आणि महाभारतही होतं. मग रिबीन कापली आणि बटण दाबलं. चक्कीची मोटर गुरगुरली, ड्रम फिरू लागला, टाळ्या पडल्या. हारातलं एक झेंडूचं फूल सुटून टेबलावर पडलं, ड्रमखाली गेलं आणि चुरा होऊन पलीकडच्या भिंतीवर उडालं.

चहाचा ट्रे घेऊन गीताबाई चार पावलांवर उभ्या होत्या. फूल त्यांनी पाहिलं आणि बाकी सगळं त्यांना त्या क्षणी कळलं. ड्रमचा खालचा भाग पट्टी सरकवणाऱ्या माणसाकडे यायला पाहिजे, म्हणजे तो पट्टीला अडवतो आणि माणूस तिला हळूहळू पुढं ढकलतो. हा ड्रम पलीकडे जात होता. मोटर तोंड फिरवून बसवल्यावर उलटी फिरणार, हे पहिल्या वर्षाच्या हेल्परलाही कळतं. आता पट्टी ह्या फटीत घातली की ड्रम ती हिसकून घेणार आणि मागे फेकणार. मागे भिंत होती. पट्टी भिंतीवर आपटेल, तिचे तुकडे होतील, सहा-सात रिटायर्ड साहेब तोंडाला हात लावतील. गीताबाईंना ते चित्र आवडलं. खोटं कशाला सांगायचं, फार आवडलं.

अरुणकुमारांनी पट्टी उचलली. हातभर लांब, घासून पातळ केलेली, कडेला धार आलेली बांबूची पट्टी. तेवढ्यात कीर्तीनं हातातला कप ठेवला आणि फ्रेमला वळसा घालून मागे गेली. पट्टी खाली पडून खराब होऊ नये म्हणून ती पलीकडून झेलणार होती.

गीताबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि एक पाऊल पुढं टाकलं. तोंडही उघडलं होतं. अरुणकुमारांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसत, म्हणाले, "वैनी, जरा बाजूले व्हा. मशीन आहे ही. साडी अडकन."

एकोणतीस वर्षं. एवढी वर्षं ग्राइंडर चालवलेल्या बाईला हे सांगितलं जात होतं. दोन श्वास घेण्याइतका वेळ होता. 'बंद करा' हे दोनच शब्द बोलायचे होते. त्यांनी तोंड मिटलं आणि बाजूला झाल्या.

पट्टी फटीत गेली तशी दिसेनाशी झाली. आवाज झाला तो काहीतरी फाटल्यासारखा. कीर्ती ओरडली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, डावा हात समोर धरून, आणि अंगठ्याच्या मुळाशी तळव्यातून पट्टी आरपार गेली होती. ज्या हातात ती धनुष्य धरायची तोच हात. अरुणकुमारांच्या हातात अजूनही पट्टी धरल्याची मुद्रा होती. बटण कुणालाच सापडेना. गीताबाईंनी पट्टा लाथेनं उडवला तेव्हा ड्रम थांबला.

हॉस्पिटलमध्ये नऊ टाके पडले. स्नायूची दोरी वाचली, पण एक नस कापली गेली होती. सहा आठवडे हात हलवायचा नाही आणि त्यानंतर अंगठ्यात पूर्वीसारखी जाणीव येईल की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सुशीला रडत होती. अरुणकुमार कॉरिडॉरमध्ये प्रत्येकाला फोनवर सांगत होते की वेल्डरनं काम कच्चं केलं. गीताबाई बाकावर बसल्या होत्या आणि पदरावर पडलेला चहाचा डाग चोळत होत्या.

तिसऱ्या दिवशी अरुणकुमारांनी राजकुमारला बोलावून घेतलं. अंगणात खुर्च्या होत्या, शेजारचे दोघे होते, कीर्ती हात गळ्यात बांधून पायरीवर बसली होती. अरुणकुमार पर्सोनेलच्या भाषेत बोलत होते: निष्काळजीपणा, जबाबदारी, लेखी माफी. राजकुमार जमिनीकडे पाहत उभा होता. "मोर गलती नइ हे, साहब," एवढंच तो एकदा म्हणाला, आणि त्यावर त्याला आणखी दहा मिनिटं ऐकावं लागलं.

गॅलरीतून हे पाहताना गीताबाईंना दिराची इतकी शिसारी आली की त्या जिना उतरूनच आल्या. त्यांना वाटलं होतं आपण फक्त दिराच्या चुकीबद्दल बोलू.

"मोटर राजकुमारनं डावीकडंच लावली होती," त्या म्हणाल्या. "शनिवारी तुम्ही ते उजवीकडं नेली, फोटोत दिसते म्हणून. मोटरचं तोंड फिरवलं का ड्रम उलटा फिरते. त्यानंच पट्टी फेकली. ह्याच्या वेल्डिंगमधी काही खोट नाही."

"तुमाले काय मालूम, वैनी?" अरुणकुमार म्हणाले.

"मले दिसलं. सुरू केली तवाच दिसलं."

कीर्तीनं मान वळवली. "कधी दिसलं, मोठ्याई?"

"फूल उडालं तवा."

"मी मागं जायच्या आधी?"

"हो."

"फिर बोली क्यों नहीं?"

कीर्ती घरात मराठी बोले. रागात, किंवा फार लागलं की, हिंदीवर जाई. गीताबाईंकडे कारणं होती, बत्तीस वर्षांची साठवलेली. टूल-रूम, हलकं काम, साडी अडकेल. त्या एकेक कारण मनात उचलून पाहत होत्या आणि प्रत्येक कारण दिराच्या फोनवरच्या बोलण्यासारखं ऐकू येत होतं. म्हणून त्यांनी जे होतं ते सांगितलं.

"तुह्या बापाची फजिती पाहायची होती मले."

कीर्तीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर गीताबाईंना सोसलं असतं. ती नजर त्यांच्या ओळखीची होती. गॅलरीतून खाली पाहताना आपली असते तशीच. मग कीर्ती उठून घरात गेली, आणि संध्याकाळी जिना न चढता सासरी परतली.

पंधरा दिवस ती आली नाही. फोनवर सुशीलाशी बोले, 'मोठ्याई बरी आहे ना' असंही विचारत नसे. गीताबाई दिवसभर वर बसून राहत. त्यांनी आयुष्यभर कामचुकार ऑपरेटर, फुशारकी मारणारे फोरमन आणि एक दीर ह्यांना मनात नावं ठेवली होती. त्यांतल्या कुणीही, सगळं दिसत असताना, आपल्या पोरीचा हात मशीनच्या तोंडी जाऊ दिला नव्हता. ते काम त्यांचं एकटीचं होतं. दीर मूर्ख होता, पण त्याला माहीत तरी नव्हतं.

सोळाव्या दिवशी त्या शेअर ऑटोनं कुरुदला गेल्या. राजकुमारनं त्यांना पाहून वेल्डिंगची काच खाली केली आणि काम चालू ठेवलं. काच वर केल्यावर तो म्हणाला की साहेबांचं काम तो आता करणार नाही. गीताबाईंनी सांगितलं की साहेबांचा संबंध नाही, हे कीर्तीचं काम आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या की त्या दिवशी बेअरिंग ढिलं होतं आणि त्यांनी ते त्याला सांगायला पाहिजे होतं. राजकुमारनं एक स्टूल पुसून पुढं केलं.

मशीन पुन्हा बनवायला पाच आठवडे लागले. फ्रेम तीच राहिली, बाकी जवळजवळ काही नाही. चक्कीची मोटर जाऊन निम्म्या वेगाची आली. टेबलासाठी गीताबाईंनी किचनच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा निवडला, कारण लाकूड फुगतं आणि पत्रा वाकतो. एका कडेला बिजागरी आणि दुसऱ्या कडेला बारीक आट्यांचा बोल्ट लावला. बोल्ट किंचित फिरवला की टेबल केसभर वर येई. ड्रम जुनाच होता, पण तो जागेवर फिरवून, खालून खरखरीत पेपर लावलेली सपाट फळी हळूहळू वर आणून, त्यांनी त्याची सगळी उंचसखल काढून टाकली. दोन दिवस दुकानात लाकडाचा भुसा उडत होता आणि राजकुमार खोकत होता. पट्टीला उतार यावा म्हणून एक लांब पाचर केली, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ. पट्टी त्या पाचरीवर चिकटवून पाचरीसकट सरकवायची. शेवटी ड्रमवर पत्र्याचं झाकण बसवलं आणि त्यावर राजकुमारनं लाल रंगानं फिरण्याची दिशा दाखवणारा बाण काढला. गीताबाईंना तो लहान वाटला. त्यांनी तो पुसून दुप्पट मोठा काढायला लावला.

चौथ्या आठवड्यात अरुणकुमार दुकानात आले. हातात ते लॅमिनेट केलेलं ड्रॉइंग होतं. कामाला येईल, असं ते म्हणाले. गीताबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, "भाऊजी, हे फायलीत ठेवा. हे चित्र आहे. चित्र पाहून पुली बसत नाही."

राजकुमारनं हसू लपवायला तोंड फिरवलं. अरुणकुमार गेले नाहीत. एका गेटाच्या सांगाड्यावर टेकून बराच वेळ मशीनकडे पाहत राहिले. त्यांनी दाढी केली नव्हती. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वैनी, मोटर फिरवली का उलटी फिरते, हे मले मालूम नव्हतं."

'मालूम नव्हतं' हे शब्द गीताबाईंनी त्या तोंडून कधी ऐकले नव्हते. इतक्या वर्षांत ह्या माणसासाठी त्यांनी एकही साधं वाक्य तयार ठेवलं नव्हतं.

"आता झालं ना मालूम," त्या अखेर म्हणाल्या.

"हो," अरुणकुमार म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "बाकी डिझाइन बेसिकली बरोबरच होतं."

गीताबाईंना बरं वाटलं. आता निदान कुणाशी बोलतो आहोत ते कळत होतं. डिझाइनमध्ये काय काय बरोबर नव्हतं ते त्यांनी मोटरपासून सुरू केलं आणि बेअरिंगपर्यंत एकेक करून सांगितलं. पाऊण तास लागला. अरुणकुमार मधे दोनदा 'अच्छा' म्हणाले आणि एकदा त्यांनी खिशातून कागद काढून काहीतरी लिहून घेतलं. तीस वर्षांपूर्वी हेच बोलता आलं असतं, हे मात्र गीताबाईंच्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही.

कीर्ती आली ती टाके निघून हात मोकळा झाल्यावर. तिला राजकुमारनं फोन केला होता. दुकानात शिरून तिनं मशीन चारी बाजूंनी पाहिली, झाकणावरचा बाण पाहिला, टेबलावर बोट फिरवलं. गीताबाईंशी ती बोलली नाही. तिचा डावा अंगठा जरा आत वळलेला राहिला होता.

"मी चालवते," ती राजकुमारला म्हणाली. मग गीताबाईंकडे न पाहता, "तू मागं उभी राह, मोठ्याई."

गीताबाई फ्रेमला वळसा घालून मागे गेल्या. ड्रम बरोबर फिरत होता, त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. तरी बटण दाबल्यावर त्यांनी झाकणावरचा बाण पुन्हा एकदा पाहिला. त्यांनी हात पुढं केले आणि काढले नाहीत. पाचर फटीत शिरली. कीर्ती ढकलत होती, ड्रम अडवत होता, आणि पट्टीचं टोक भुशाचा पदर घेऊन बोटाबोटानं ह्या बाजूला आलं. गीताबाईंनी ते अलगद धरलं.

असं सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी कीर्तीनं त्यांचे हात पाहिले.

मग तिनं पट्टी पाचरीवरून सोडवली आणि गीताबाईंचा जुना मायक्रोमीटर मागितला. सहा ठिकाणी माप घेऊन आकडे भिंतीवर खडूनं लिहिले. दुसरी पट्टी घासून तिचे आकडे शेजारी लिहिले. दोन्हींत कुठंही मिलिमीटरच्या दोन शतांशाहून जास्त फरक नव्हता.

"ठीक है," कीर्ती म्हणाली. "आणखी एक."

तेवढंच. त्या दिवशी आणखी अकरा पट्ट्या झाल्या आणि बोलणं त्यापुढं गेलं नाही.

पहिलं धनुष्य वाकवतानाच कडकडलं, कारण बांबू ओला होता. दुसरं राहिलं. काम सुरू झाल्यापासून नवव्या आठवड्यात कीर्तीनं ते मैदानावर नेलं. अंगठा बधिर असल्यामुळे मूठ तिला नव्यानं शिकावी लागत होती. पहिले तीन बाण निशाणाच्या पुठ्ठ्याच्या कडेला लागले. चौथा आत लागला, पाचवा त्याच्याशेजारी. गीताबाई आणि राजकुमार कुंपणापाशी उभे होते. कीर्तीनं धनुष्य एका मुलीच्या हातात दिलं आणि तिला उभं कसं राहायचं ते सांगू लागली. परत येताना ती गीताबाईंजवळून गेली तेव्हा म्हणाली, "खालचं पातं किंचित कडक आहे." गीताबाईंनी ते लिहून घेतलं.

आता रविवारी सकाळी कुरुदच्या त्या दुकानात पट्ट्या घासायचं काम चालतं. कीर्ती येते. पूर्वीसारखी गळ्यात पडत नाही आणि वर झोपायलाही राहत नाही. पण बटणावर हात ठेवला की दर वेळी, अगदी दर वेळी, ती थांबून विचारते, "मोठ्याई, काही दिसून राहिलं का?"

पहिल्या पहिल्यांदा ह्या प्रश्नानं गीताबाईंचे कान तापत. आता त्या उत्तर देतात, आणि समोर कोण आहे ह्याची पर्वा करत नाहीत.

गेल्या रविवारी अरुणकुमारही आले होते, दोन पाहुण्यांना मशीन दाखवायला. ते ड्रमवर वाकून काहीतरी समजावत होते. कीर्तीनं बटणावर हात ठेवला आणि विचारलं.

"पट्टा ढिला झाला आहे," गीताबाई म्हणाल्या. "पेपरची डावी कड उठून राहिली. अन् भाऊजी, तो गमछा काढा गळ्यातला. शाफ्टवर लोंबून राहिला. चौतीस वर्षं तुम्ही लोकाईकडून सेफ्टीच्या कागदावर सह्या घेतल्या, एक तरी वाचला असता."

पाहुणे हसले. अरुणकुमारांनी गमछा काढला, घडी केली, आणि कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरून मागे सरकले. राजकुमारनं पट्टा ताणला. गीताबाईंनी पेपरची कड दाबून बसवली, हात मागे घेतले आणि कीर्तीला मान हलवून सांगितलं की आता चालव.